५०० मिलीचं शिया बटर: हिवाळा-उन्हाळा वापरल्यावर

शिया बटर म्हणजे शियाच्या बियांतून निघणारं, अंगाला लावायचं घट्ट तेल. हे बटर चांगलं आहे, हे आधी सांगते. अनरिफाइन्ड, पिवळसर, घानाहून आलेलं. धुरकट वास सगळ्यांना आवडेल असं नाही, पण नागपूरच्या थंडीत आईच्या टाचांच्या भेगा यानेच भरल्या. तरीही तीनच तारे देतेय आणि कारण एकच: बरणीवर छापलेलं '५०० मिली'.

घट्ट बटर मिलीत कशाला विकायचं? शिया पाण्यापेक्षा हलकं. १ मिलीचं वजन साधारण ०.९१ ग्रॅम. म्हणजे ५०० मिलीत बसतं ४५५ ग्रॅम. दुसरी बरणी आली तेव्हा पहिली रिकामी बरणी ठेवून काटा शून्यावर आणला आणि मग भरलेली ठेवली. ४५२ भरली. माप मारलेलं नाही, पण भाव बघा. ही बरणी ६५० रुपयांना, दुसऱ्या एका विक्रेत्याची ५०० ग्रॅमची ६९० ला. चाळीस रुपये वाचतात असं वाटतं. किलोचा हिशेब मांडला की ही पडते १,४२९ ला आणि ती १,३८० ला!

कस्टमर केअरला फोन केला तर उत्तर काय, "मॅडम, ५०० मिली म्हणजेच ५०० ग्रॅम." अहो, ते पाण्याचं! पाकीटबंद मालाच्या २०११ च्या नियमांनुसार घट्ट आणि अर्धघट्ट माल वजनात दाखवायचा असतो, हेही लिहून पाठवलं. 'अभिप्राय टीमकडे पाठवला आहे' एवढा मेल आला. लेबल आजही तेच.

नुसतं अंगाला लावणाऱ्यांचं यात फार बिघडत नाही. साबण करणाऱ्यांचं बिघडतं. शियाला ग्रॅममागे साधारण ०.१२८ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. बरणीत ५०० ग्रॅम आहे असं धरून, ५ टक्के सुपरफॅट (साबण सौम्य राहावा म्हणून मुद्दाम सोड्याविना ठेवलेलं तेल) सोडून नुसत्या शियाचा साबण केला तर सोडा घ्याल ६१ ग्रॅमच्या आसपास. प्रत्यक्षातल्या ४५५ ग्रॅमना सगळा मिळून ५८ पुरतो. म्हणजे सुपरफॅट तर गेलंच, वर जास्तीचा सोडा साबणात मोकळा राहून कातडीला झोंबणार.

डिसेंबरात माझं मत पक्कं होतं की शिया कप-चमच्याने मापूच नये. बटर दगडासारखं, चमच्यात दाबलं तरी खाली पोकळी राहते आणि दर चमच्याचं वजन वेगळं येतं. मे महिन्यात ते थोडं बदललं. इथल्या उन्हाळ्यात बटर फडताळातच वितळतं आणि वितळलेलं मापपात्रात नीट मापता येतं. १०० मिली ओतलं की काटा ९० च्या जवळपास दाखवतो. अमेरिकन रेसिपीतला एक कप, म्हणजे २३७ मिली, धरायचा २१५ ग्रॅम. १५ मिलीचा चमचा साडेतेरा-चौदा ग्रॅमचा. बॉडी बटरला एवढं चालतं, साबणाला मात्र काटाच हवा. आणि फेटलेलं शिया मिलीवर कधीच घेऊ नका, त्यात हवेचेही पैसे मोजावे लागतात.

वितळलेलं बटर हळूहळू गार झालं तर कणीदार होतं, म्हणून लगेच फ्रीजमध्ये ठेवा.

माझी बरणी संपत आलीय. पुढची ५०० ग्रॅमवाली मागवलीय. या कंपनीने लेबलवर ४५५ ग्रॅम छापलं आणि भाव ६२५ वर आणला, तर परत यांच्याकडूनच घेईन.