नेपाळयात्रेचे पैसे: शंभराची बंडलं की नेपाळी नोटा?

सोलापुरातून पशुपतिनाथ-मुक्तिनाथची यात्रा ठरली की तिकिटं, औषधं, स्वेटर हे सगळं आपसूक होतं. घोडं अडतं ते रोख रकमेपाशी. गल्लीतला एक जाणकार सांगतो, "अहो, तिथं आपलेच पैसे चालतात, शंभराची बंडलं घ्या आणि निघा." दुसरा म्हणतो, "सीमेवरच बदलून घ्या, पुढं कटकट नाही." दोघंही जाऊन आलेले, म्हणून दोघंही ठाम. मी दोन्ही पद्धतींनी गेलो आहे आणि माझा कल एकीकडे झुकलेला आहे. तुमची यात्रा वेगळी असेल तर तुमचं उत्तरही वेगळं निघू शकेल.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे इथल्या बँकेतली चक्कर वाचेल. दुबईला निघालेल्याला बँक दिरहम देते, थायलंडला जाणाऱ्याला बात देते, पण नेपाळ आणि भूतानच्या प्रवासासाठी परकीय चलन देण्याची सोयच आपल्या परकीय चलन कायद्याने ठेवलेली नाही. फॉरेक्स कार्डही या दोन देशांत चालत नाही. त्यामुळे नवी पेठेत किंवा स्टेशन रोडला 'नेपाळी आहे का' विचारत फिरण्यात अर्थ नाही. पैसे बदलायचे तर सोनौलीची सीमा ओलांडल्यावरच.

आता दर. "भाव जरा उतरू द्या, मग बदलू" असं म्हणणारे भेटतात. डॉलरच्या बाबतीत ठीक आहे, इथे ते लागू नाही. १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी हा दर १२ फेब्रुवारी १९९३ पासून जिथल्या तिथे आहे. आपला रुपया डॉलरपुढे घसरला की नेपाळी रुपयाही तितकाच घसरतो. उघडी सीमा आणि बहुतांश व्यापार भारताशी, म्हणून त्यांनी स्वतःचं चलन आपल्या चलनाला बांधून टाकलं आहे. नेपाळ राष्ट्र बँकेचा, म्हणजे त्यांच्या रिझर्व्ह बँकेचा, दर म्हणजे खरेदी १६०.०० आणि विक्री १६०.१५. म्हणजे दहा हजार भारतीय देऊन सोळा हजार नेपाळी घेतले आणि लगेच परत फिरवले, तरी अधिकृत दराने नुकसान दहा रुपयांच्या आतच. असा दर दुसरीकडे कुठे मिळत असेल तर मला दाखवा.

हा दर कायमचाच होता असं मात्र नाही. १९६० मध्ये तो १६० च होता. मग ६ जून १९६६ ला आपल्या सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं, डॉलर ४.७६ वरून ७.५० वर गेला. नेपाळने तेव्हा आपल्यामागून उडी मारली नाही. परिणाम असा, की १०० भारतीय रुपयांना जेमतेम १०१ नेपाळी मिळू लागले. साधारण दीड वर्ष दोन्ही रुपये जवळजवळ सारख्याच किमतीचे होते, हे आज कुणाला खरं वाटणार नाही. डिसेंबर १९६७ मध्ये त्यांनीही अवमूल्यन केलं आणि दर १३५ झाला. पुढे १३९, १४५, १९८५ मध्ये एकदम १७०, आणि मग हळूहळू उतरत १९९३ ला पुन्हा १६०.

त्याच्याही मागे गेलं तर काठमांडूच्या खोऱ्यात चांदीची मोहर चालायची. १९३२ मध्ये दोन मोहरांचा एक नेपाळी रुपया ठरला. खाली तराईत, सीमेलगतच्या बाजारांत, कित्येक वर्षं आपलाच रुपया जास्त फिरत होता. १९५६ मध्ये राष्ट्र बँक स्थापन झाली, ती स्वतःचा रुपया देशभर पोहोचवण्याचं काम हाती घेऊनच. सीमेपलीकडच्या भैरहवाचा दुकानदार आजही आपली शंभराची नोट न बघता गल्ल्यात टाकतो, त्याच्या मागे ही जुनी सवय आहे.

तेव्हा बंडलवाल्यांचं म्हणणं खोटं नाही. आपले पैसे चालतात.

पण कोणते? डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने १०० च्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली. कारण समजण्यासारखं आहे. २०१६ च्या नोटबंदीत नेपाळी लोकांच्या घरात आणि बँकांत आपल्या पाचशे-हजाराच्या नोटा अडकल्या, आणि त्या परत घेण्याचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला. एकदा हात पोळलेला माणूस मोठी नोट बघून मान हलवणारच. या नियमात बदल करण्याच्या हालचाली दोन्ही बाजूंनी झाल्या आहेत, त्यामुळे निघायच्या आठवड्यात यात्रा कंपनीला विचारून घ्या. मी गेलो तेव्हा शंभर आणि त्याखालचीच चलती होती.

शंभराच्या नोटा गोळा करणं हा सोलापुरात एक स्वतंत्र उद्योग आहे. बँकेत रोखपाल पाचशेच्या नोटा पुढे सरकवतो आणि शंभराची मागणी केली की "एकच बंडल मिळेल" म्हणतो. मग मार्केट यार्डातला ओळखीचा कांदा-व्यापारी, मग किराणा दुकानदार. दोन माणसांच्या वरखर्चाला तीन बंडलं तरी लागतात, आणि तीन बंडलं शर्टाच्या खिशात मावत नाहीत. कमरेचा पट्टा, पिशवीचा आतला कप्पा, बायकोच्या पर्समध्ये एक, अशी विभागणी करावी लागते. तरी हे सगळं सोसण्यासारखं आहे. माझं मन फिरलं ते यामुळे नाही.

मन फिरलं जेवणाच्या बिलावर. पोखऱ्यात तीन थाळ्या, साडेतीनशेची एक, म्हणजे १,०५० नेपाळी. आपल्या हिशोबाने ६५६ रुपये. मी शंभराच्या सात नोटा पुढे केल्या आणि ७० नेपाळी परत येण्याची वाट बघत बसलो. गल्ल्यावरच्या मुलाने कॅल्क्युलेटरवर दोन बटणं दाबली, "सातसौ आयसी (म्हणजे भारतीय रुपये), बराबर" म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याने १.६ ने नाही, दीडने भागलं होतं. वाद घातला असता तर त्याने बहुधा दिलेही असते. पण चव्वेचाळीस रुपयांसाठी, मागे माणसं उभी असताना, परक्या गावात कोण तोंड वाजवणार?

एकदाच झालं असतं तर विसरलो असतो. चहा, पाणी, मंदिराबाहेरची फुलं, चपला ठेवण्याची जागा, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. मोठी हॉटेलं आणि यात्रा कंपनीवाले १.६ चोख लावतात, हे मान्य. छोट्या दुकानात दीड. त्यांना दोष देता येत नाही. आपली नोट पुढे बदलण्याचा खटाटोप त्यांच्याच गळ्यात पडतो, त्याची किंमत ते लावतात इतकंच. पण वीस हजार रुपये असे दीडच्या भावाने खर्च झाले, तर ३२ हजार नेपाळीऐवजी ३० हजारांचाच माल पदरात पडतो. म्हणजे आपले साडेबाराशे गेले.

पैशापेक्षा वैताग आणतो तो प्रत्येक भावामागचा प्रश्न. रुद्राक्षाच्या माळेवाला "आठशे" म्हणतो. आयसी की एनसी? भारतीय की नेपाळी? एनसी असेल तर माळ पाचशेला पडते, आयसी असेल तर घासाघीस करायला हवी. गड्ड्याच्या यात्रेत प्रत्येक पाळणेवाल्याला "हा भाव तिकिटाचा की माणशी?" असं दिवसभर विचारत फिरावं, तसं होतं. तिसऱ्या दिवशी आमची आत्या वैतागून म्हणाली, "तूच दे रे बाबा, मला काही विचारू नकोस." यात्रेत माणसाचं लक्ष देवाकडे असावं, ते सगळं पाढ्यांत जातं.

पुढच्या खेपेला सीमा ओलांडल्याबरोबर बेलहियातच नेपाळी करून घेतले. पाटीवर 'सटही', म्हणजे चलन बदलून देणारं, लिहिलेलं असतं, तिथे. ओळखपत्र मागतात, दर भिंतीवर लावलेला असतो, काउंटरवाला शेकड्यामागे किरकोळ काहीतरी कापतो. दीडच्या हिशोबाच्या मानाने ते काहीच नाही. त्यानंतर दुकानदाराने आठशे म्हटलं की आठशे. गिऱ्हाईक नेपाळी नोट काढतंय हे दिसलं की आयसीचा विषयच निघत नाही.

आणि नोटा वाचायला सोप्या. आकडे देवनागरीत, एका बाजूला सगरमाथा, म्हणजे आपला एव्हरेस्ट, दुसऱ्या बाजूला जनावर: पाचावर याक, शंभरावर गेंडा, पाचशेवर वाघ, हजारावर हत्ती. राजेशाही गेली तशी राजाची छबी जाऊन डोंगर आला. याच आत्याने एकदा गेंडा ओळखला आणि मग स्वतःच खरेदीला जाऊ लागली. (आपल्या नोटेवरची भाषांची पट्टी कधी नीट पाहिलीय? मराठीच्या लगेच खालची ओळ नेपाळी आहे. सोलापूरकराची कन्नड, तेलुगू, उर्दूही तिथेच.)

मनातल्या मनात आपले रुपये काढायचे असतील तर आठाला पाच धरा. किंवा निम्मं करा आणि त्या निम्म्याचा पाव त्यात मिळवा. आठशेचे निम्मे चारशे, त्यात शंभर, झाले पाचशे. कॅल्क्युलेटर लागत नाही.

मोबाईलचा मार्गही आहे. मार्च २०२४ पासून आपलं यूपीआय तिथल्या फोनपे जाळ्याच्या क्यूआरवर चालू लागलं. हे फोनपे नेपाळचं आहे, आपल्याकडच्या जांभळ्या अ‍ॅपशी त्याचा संबंध नाही. काठमांडू, पोखऱ्याच्या बऱ्या दुकानांत मला हे सोयीचं वाटलं. पण त्यासाठी अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार चालू करून ठेवावा लागतो आणि तिथे इंटरनेट लागतं. जोमसोमच्या वर, मुक्तिनाथच्या वाटेवर, खेचरवाल्यासमोर मोबाईल हलवत उभं राहण्यात मजा नाही. एटीएम जवळपास सगळ्या शहरांत आहेत, पण दरवेळी वेगळं शुल्क कापतात, म्हणून ते अडीअडचणीलाच.

बंडलवाल्यांची बाजू एका ठिकाणी खरोखर भक्कम आहे. उरलेल्या नेपाळी नोटा सोलापुरात कुठलीही बँक घेत नाही, आणि नेपाळमध्ये त्या परत भारतीय करून मिळणंही जाताना बदलण्याइतकं सोपं नाही. त्यांच्याकडे आपल्या रुपयाची नेहमीच ओढाताण असते, राष्ट्र बँक डॉलर विकून तो विकत घेते, त्यामुळे काउंटरवाला हात आखडता घेतो. सीमेवरचे व्यापारी देतात, पण १६० च्या वर थोडं मागतात. चार-पाच दिवसांची यात्रा असेल, जेवण-राहणं सगळं कंपनीकडे असेल, खर्च फक्त फुलं-प्रसादाचा असेल, तर एक बंडल शंभराचं नेलं तरी पुरे. तेवढ्यासाठी रांगेत उभं राहू नका.

स्वतः फिरणार असाल, किंवा बरोबर खरेदीची हौस असलेली मंडळी असतील, तर मी तरी निम्म्याहून थोडे जास्त पैसे पहिल्याच दिवशी नेपाळी करून घेईन आणि बाकीचे शंभरातच ठेवीन. हॉटेलचं बिल आणि गाडीभाडं या मोठ्या रकमा शंभराच्या नोटांत, १.६ चोख ठरवून. बाकी सगळं गेंडा-वाघात. शेवटच्या दिवशी भैरहवात जेवताना आणि गाडीत तेल भरताना नेपाळी नोटा आधी संपवा, आणि दहा-वीस शंभराच्या वेगळ्या कप्प्यात राहू द्या. सोनौलीच्या अलीकडे आलं की गोरखपूरचा जीपवाला गेंड्याकडे बघतही नाही.