चार बिऱ्हाडांची इमारत की सोसायटीतले दोन फ्लॅट?

कोकणात भाड्याच्या उत्पन्नासाठी पहिल्यांदाच पैसे घालणाऱ्यापुढे बहुतेक वेळा दोन वाटा असतात. जागेवर चार बिऱ्हाडांची छोटी इमारत उठवायची, नाहीतर रत्नागिरी, चिपळूण, कुडाळकडे सोसायटीत दोन फ्लॅट घ्यायचे. माझं मत आधीच सांगून टाकतो. जागा तुमच्या एकट्याच्या नावावर आणि बिनशेती झालेली असेल, शिवाय घरातलं कोणी तासाभराच्या अंतरावर राहत असेल, तर इमारत. यातलं एक जरी नसेल तर फ्लॅट.

हिशेब कागदावर मांडू. आकडे समजुतीपुरते आहेत, आपल्या गावचे भाव घालून बघा. प्रत्येकी 25 लाखांचे दोन फ्लॅट, दोन्हींवर मिळून कर्ज 40 लाख, 9 टक्के व्याज, 20 वर्षं. लाखाला साधारण 900 रुपये हप्ता धरला तर महिन्याला 36,000 जातात. भाडं येतं प्रत्येकी सात हजार, म्हणजे 14,000. उरलेले बावीस हजार दर महिन्याला पगारातून भरायचे. शिवाय खरेदीच्या वेळी मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च असतो, आणि कर्ज किती द्यायचं ते ठरवताना बँक तो घराच्या किमतीत धरत नाही. हातातल्या दहा लाखांबरोबर हेही पैसे तयार लागतात.

आता इमारत. जागा आपली, बांधकाम 2,000 चौरस फूट, खर्च समजा 40 लाख. बँकेने 32 लाख दिले तर हप्ता 28,800. चार बिऱ्हाडं सात-सात हजारांनी भरली की 28,000 येतात. वर्षातून महिनाभर एखादी खोली रिकामी राहणार, घरपट्टी आणि रंगकाम आहेच, तरीही खिशातून जाणारी रक्कम फ्लॅटच्या मानाने किरकोळ. पण या गणितात जागेची किंमत शून्य धरली आहे. प्लॉट विकत घेऊन बांधायचं म्हटलं की सगळा फायदा प्लॉटच खाऊन टाकतो.

आणि 'जागा आपली' हे दोन शब्द कोकणात सिद्ध करणं सोपं नाही. सातबाऱ्यावर आजोबांच्या पिढीपासूनची नावं लटकलेली असतात. काका मुंबईत, आत्याची मुलं पुण्यात, कोणाची वारसनोंद झालेली, कोणाची राहिलेली. त्यात इतर हक्कांच्या रकान्यात कुळाचं नाव असलं तर ते आणखी वेगळं प्रकरण. 'कोण काय म्हणणार आहे, आम्ही एकोप्याने आहोत' हे घरात ठीक आहे, बँकेचा वकील ते ऐकत नाही. त्याला हक्कसोडपत्र नाहीतर वाटप लागतं, फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद) लागतो, जागा बिनशेती झाल्याचा कागद आणि मंजूर नकाशा लागतो. खाडीकाठची किंवा किनाऱ्याजवळची जागा असेल तर सीआरझेड (किनाऱ्यालगतचा बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा) तपासायचं, चिपळूणमध्ये पूररेषा. हे कागद जुळवण्यात वर्ष गेलं तर त्यात नवल नाही. महारेरा (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नोंदणी झालेल्या प्रकल्पातल्या फ्लॅटला यातलं बरंचसं आयतं मिळतं, कर्जही लवकर मंजूर होतं.

बँकेत एक गोष्ट आधीच विचारून घ्या. चार बिऱ्हाडं भाड्यासाठीच बांधतोय म्हटल्यावर काही बँका ते साधं गृहकर्ज न मानता व्यावसायिक कर्ज धरतात, आणि मग व्याज चढतं. बांधकामाचे पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात आणि जेवढे उचलले तेवढ्यावर व्याज सुरू होतं. दसऱ्याच्या सुमारास काम सुरू होऊन मेअखेर स्लॅब ओतून झाली पाहिजे. नाही झाली तर चार महिने पाऊस, काम बंद, व्याज चालू आणि भाडं नाही. पतसंस्थेतून 'तात्पुरतं' उचलून ही फट भरणारे बरेच असतात, पण तिथला दर बघूनच हात घाला.

सांभाळण्याचा भाग फ्लॅटमध्ये निवांत. सोसायटीला देखभाल खर्च द्यायचा, फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दल ती वेगळे पैसे मागते, पण ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. इमारतीत मात्र सोसायटी म्हणजे तुम्हीच. जुलैत पश्चिमेकडच्या भिंतीवर झड बसते, आतून रंगाचे पापुद्रे सुटतात, कपाटामागे बुरशी धरते आणि बिऱ्हाडकरू त्याचा फोटो रात्री दहाला पाठवतो. म्हणून स्लॅबवर पत्र्याची शेड बांधतानाच घाला, पुढे घालू म्हणू नका. मार्चनंतर विहिरीचं पाणी खाली जातं, तेव्हा टँकरचे पैसे कोणाचे हे करारातच लिहा. महावितरणचे मीटर चार वेगळे आणि पंप, जिन्याचा दिवा यांना पाचवा. हा पाचवा वाचवला की दर महिन्याला भांडण ठरलेलं.

भाडेकरू कोण मिळणार हे गावावर आहे. दापोलीत कृषी विद्यापीठाची मुलं, सुट्टीत खोल्या ओस. रत्नागिरीत सरकारी नोकरदार आणि वैद्यकीय महाविद्यालयाची माणसं. खेड-चिपळूण पट्ट्यात लोटे एमआयडीसीतले कामगार. कोणीही असो, करार नोंदवलाच पाहिजे. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदवला नाही तर वादात, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरू देण्याचा करार, ऑनलाइन नोंदवता येतो. ओळखीचा आहे म्हणून नुसत्या स्टॅम्पपेपरवर भागवणं ही आपल्याकडची आवडती काटकसर.

जोखीम दोन्हीकडे आहे, फक्त तिची जात वेगळी. एक फ्लॅट रिकामा म्हणजे निम्मं उत्पन्न बंद, इमारतीत एक खोली म्हणजे पाव. पण चिपळूणला 22 जुलै 2021 ला आला तसा पूर आला तर तळमजल्याची बिऱ्हाडं एकदम जातात. भारत गृह रक्षा विम्यात पूर, वादळ आणि दरड धरलेली आहे, तो बांधकाम खर्चाइतका घ्या.

करात इमारत बरी पडते. घरपट्टी वजा केल्यावर भाड्यातून 30 टक्के सरसकट वजावट मिळते, मग व्याज जातं. फ्लॅटच्या उदाहरणात व्याज भाड्यापेक्षा कितीतरी जास्त, म्हणजे तोटा दिसतो. जुन्या करप्रणालीत तो पगारातून वर्षाला 2 लाखांपर्यंत वळता होतो, नव्या प्रणालीत अजिबात नाही.

पर्यटकांना खोल्या द्यायचा विचार असेल तर तो धंदा आहे, भाडं नव्हे. नाताळ आणि मे सोडून बाकी महिन्यांत हप्ता कशातून भरणार ते आधी लिहून काढा.

मुंबईतल्या चाकरमान्याला मी सरळ एकच फ्लॅट सुचवेन, दोन नाहीत. सातबारा तोपर्यंत सावकाश मोकळा करून घ्यावा.