शाळा सिद्धीचं सातवं क्षेत्र: मुख्याध्यापकाच्या किती कामाचं?

शाळा सिद्धी ही शाळेनं स्वतःचं मूल्यांकन करण्याची राष्ट्रीय चौकट. तिची 46 गाभा मानकं 7 क्षेत्रांत वाटलेली आहेत. पहिल्या सहांचा भर शाळेच्या आत काय चाललंय यावर. सातवं, समाजाच्या सहभागाचं, मुख्याध्यापकाला फाटकाबाहेर काढतं. त्यात मानकं अवघी 5, पण महापालिका शाळेच्या मुख्याध्यापकाचा शब्द वस्तीत चालतो तो याच पाचांमुळे. राज्यात आता स्क्वाफ या शाळा गुणवत्तेच्या नव्या चौकटीचं स्वयंमूल्यांकन आलं आहे. तरी संभाजीनगर, नांदेड, परभणी, लातूरच्या शहरी शाळांनी हे क्षेत्र हाताशी ठेवावंच.

याची जमेची बाजू स्तरांची. गुण द्यायचे नाहीत. 1 ते 3 पैकी आपला स्तर ओळखायचा आणि सुधारणेची निकड लिहायची. शाळा व्यवस्थापन समिती कागदावर आहे, समिती नियमित बसते, समितीच्या ठरावावर काम होतं, असा ढोबळमानानं हा चढ आहे. पुढचं पाऊल कोणतं, ते त्यातूनच कळतं.

उणीव मोठी आहे. एकटा माणूस संगणकापुढे बसून तासाभरात सगळीकडे 3 भरू शकतो. खरं काय ते समितीची इतिवृत्त वही सांगते. सगळ्या सह्या एकाच पेनच्या, अंगठे ओळीनं एकाच शाईचे आणि प्रत्येक विषयाखाली ‘चर्चा करण्यात आली’ एवढंच असेल, तर सभा झालेली नाही. शिपाई वही घेऊन घरोघर फिरला आहे. अशा शाळेचा स्तर 1 च.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला लागतात. आपल्याकडे अध्यक्ष पालकांतून होतो, मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव. म्हणजे खुर्ची पालकाची आणि सभा जमवण्याची जबाबदारी मुख्याध्यापकाची. इथंच शहरात गाडं अडतं. सकाळी 11 ची सभा म्हणजे नाक्यावरच्या मजुराचा रोज बुडाला. त्याहून मोठी चूक, नळाला पाणी यायच्या दिवशी सभा ठेवणं. चार-आठ दिवसांनी येणारं पाणी सोडून कोणती बाई शाळेत येईल? आधी गल्लीतला पाण्याचा दिवस विचारावा, मग तारीख टाकावी. वेळ संध्याकाळी सातची, निरोप मुलांच्या वहीत आणि उर्दू माध्यम असेल तर उर्दूतच. भाडेकरू पालक मध्येच वस्ती सोडतात, म्हणून दर जूनमध्ये सदस्यांची यादी पडताळावी.

ठराव कसा लिहायचा, हे शाळा सिद्धी शिकवत नाही. ‘फाटकासमोरची नाली साफ व्हावी’ हा ठराव नव्हे. नाली कुठून कुठपर्यंत तुंबली, अर्ज कोण देणार, कोणत्या तारखेपर्यंत, हे तिन्ही हवं. त्याची प्रत अर्जाला जोडून महापालिकेच्या झोन कार्यालयात द्यावी, पोच घ्यावी आणि ती पोच पुढच्या सभेत वाचून दाखवावी. आपण बोललो ते पुढं गेलं, हे दिसलं की तिसऱ्या सभेला माणसं न बोलावता येतात. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षकच होते. मराठवाड्याला शाळेतून उभं राहिलेलं नेतृत्व नवं नाही.

माहिती अंतिम केल्यावर बदलता येत नाही. म्हणून कच्ची प्रत आधी छापून पाचही मानकं सभेत मोठ्यानं वाचावीत. एखादी आई म्हणाली, ‘सर, हे तर आपल्याकडं होतच नाही,’ तर तिथं 1 लिहावा आणि निकड ‘उच्च’ टाकावी.