डिझेल पिकअपचे एमिशन: बेळगावातील दोन केंद्रे, एकच गाडी आणि दोन वेगळे आकडे

रविवार पेठेतून खानापूर आणि चंदगड भागातील दुकानांना किराणा पोहोचवण्यासाठी आमच्याकडे २०१४ सालचा डिझेल पिकअप आहे. तो भारत स्टेज ३ चा, म्हणजे वाहनांच्या प्रदूषण मर्यादेच्या जुन्या टप्प्यातला, असल्यामुळे त्याच्या एमिशनची, म्हणजे प्रदूषण तपासणीच्या (पीयूसी) प्रमाणपत्राची, मुदत सहाच महिने असते. भारत स्टेज ४ आणि ६ च्या वाहनांना ती वर्षाची मिळते. त्यामुळे या तपासणी केंद्रांशी आमचा संबंध इतरांपेक्षा अधिक येतो. दोन्ही केंद्रांची नावे येथे देत नाही, कारण सांगायचे आहे ते तपासणीच्या पद्धतीबद्दल.

आम्ही पूर्वी जात असू ते केंद्र म्हणजे रस्त्याच्या कडेला उभी असलेली व्हॅन. सेवा तत्पर आणि वागणूक नम्र. नंबर प्लेटचा फोटो काढायचा, सायलेन्सरमध्ये नळी सरकवायची, चालकाला "जरा रेस द्या" म्हणायचे आणि क्यूआर कोड असलेला कागद हातात ठेवायचा, एवढ्यात काम संपते. चालकाने पॅडल किती दाबले, इंजिन तापले आहे की नाही, याकडे कोणी पाहत नाही. आमच्या गाडीच्या धुराच्या दाटपणाचा आकडा तेथे नेहमी एकच्या खाली येई. चढाला मागून काळा धूर सोडणाऱ्या गाडीचा हा आकडा पाहून समाधान वाटण्याऐवजी शंकाच यायला हवी.

डिझेल वाहनाची तपासणी ही मुळात धूर किती दाट आहे याची तपासणी असते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पॅडल एका झटक्यात तळापर्यंत दाबायचे, इंजिन कमाल फेऱ्यांपर्यंत न्यायचे आणि त्या क्षणी धुरातून प्रकाश किती अडतो हे यंत्राने मोजायचे, अशी ती रीत आहे. धूर जितका दाट तितका आकडा मोठा. भारत स्टेज ४ पूर्वीच्या डिझेल गाड्यांना त्यासाठी २.४५ ची मर्यादा आहे, स्टेज ४ साठी ती १.६२ आणि स्टेज ६ साठी ०.७ आहे. पॅडल अर्धेच दाबले तर इंजिनाला डिझेल कमी मिळते, धूर कमी निघतो आणि कोणतीही गाडी पास होते. उलट इंजिन थंड असताना तपासणी केली तर धूर जास्त दिसतो आणि मालकावर अन्याय होतो. म्हणूनच ऑइल किमान ६० अंशांपर्यंत तापलेले असावे, अशी अपेक्षा असते.

दुसरे केंद्र तिसऱ्या रेल्वे गेटकडून उद्यमबागेला जाताना लागते. तेथे गाडी उभी करताच तपासणीसाने बॉनेट उघडायला सांगितले, ऑइल मोजण्याची पट्टी काढून तिच्या जागी तापमानाची तार सोडली आणि फेऱ्या मोजण्यासाठी इंजेक्टरच्या पाइपला चिमटा लावला. आमचा चालक जपून पॅडल दाबत होता, तेव्हा तो म्हणाला, "पूर्ण दाबा की हो, इंजिनला काय होत नाही." आधीची काजळी निघून जावी म्हणून काही वेळा नुसतीच रेस द्यायला लावली, मगच मोजणी सुरू केली आणि लागोपाठच्या आकड्यांची सरासरी धरली. आकडा आला २.२. गाडी पास झाली, पण काठावर. "एअर फिल्टर बघून घ्या, नाहीतर पुढच्या खेपेला अडकेल," हेही त्याने आपणहून सांगितले. फिल्टर खरोखरच मातीने भरलेला होता. तो बदलला, नोझलचे काम करून घेतले आणि पुढच्या तपासणीत आकडा १.७ वर आला.

आता कोणी म्हणेल, कागद मिळाल्याशी कारण. वैध प्रमाणपत्र नसेल तर मोटार वाहन कायद्यानुसार दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि त्यापुरते पहिल्या केंद्राचे काम भागते, हे मान्य आहे. परंतु शहरांमध्ये डिझेल वाहनांवर निर्बंध कसे येतात, हे पाहिल्यास खऱ्या आकड्याचे महत्त्व पटते. लंडनमध्ये २०१९ पासून आणि ऑगस्ट २०२३ पासून तर संपूर्ण महानगरात, युरो ६ (युरोपातील प्रदूषण मर्यादेचा टप्पा) दर्जा नसलेल्या डिझेल मोटारींना रोज १२.५० पौंड भरावे लागतात. कॅमेरा नंबर टिपतो आणि गाडीचा दर्जा नोंदीवरून ठरतो. दिल्लीत दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवरील बंदीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केले. दोन्हीकडे निकष वयाचा किंवा दर्जाचा आहे, प्रत्यक्ष धुराचा नाही. निगा राखलेली जुनी गाडी आणि पंपातून डिझेल वाढवून धूर ओकणारी जुनी गाडी यांना तेथे एकच माप लागते, आणि ज्या कागदावर कोणाचाच विश्वास नाही तो पुढे करून हे माप बदलून मागता येत नाही.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत २०१९ साली कर्नाटकातून बेंगळूरु, दावणगेरे, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गी ही शहरे आली, बेळगाव आले नाही. त्यामुळे असे शुल्क आपल्याकडे लगेच येईल असे मला वाटत नाही. तरी के-ए २२ (बेळगाव), एम-एच ०९ (कोल्हापूर) आणि गोव्याच्या गाड्या एकाच गणपत गल्लीत धूर सोडत असताना हा प्रश्न कायमचा टळला, असेही कोणी समजू नये.

या तपासणीची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती धुराचा दाटपणा मोजते. नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाही, आणि डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म कण तिच्या हाती पुरेसे लागत नाहीत. नव्या गाड्यांचा धूर गाळणारा फिल्टर काढून टाकला असेल तरी गाडी पास होऊ शकते. बेल्जियम, नेदरलँड्स आणि जर्मनीने २०२२-२३ मध्ये कण मोजणारी वेगळी चाचणी आणली ती याच कारणासाठी. अर्थात हा दोष यंत्राचा आणि नियमाचा आहे, केंद्राचा नव्हे.

उद्यमबागेकडच्या केंद्राला उणे गुण द्यायचे तर ते सोयींसाठी. सावली नाही, बसायला बाकडे नाही, आणि सर्व्हर अडला की रांग थेट रस्त्यावर येते. महिनाअखेरीस मालवाहू गाड्यांची गर्दी असते. तपासणीस घाई करत नाही, त्यामुळे ज्याला माल वेळेत पोहोचवायचा आहे तो वैतागतो. मात्र यंत्राच्या कॅलिब्रेशनचा, म्हणजे ते अचूक मोजते हे तपासल्याचा, दाखला तेथे दर्शनी लावलेला आहे, तो मागून पाहावा लागत नाही. पैसे दोन्हीकडे सारखेच लागतात. जाणार असाल तर गाडी थेट घरून न नेता थोडी फिरवून, इंजिन तापवून न्यावी आणि आरसी बुक बरोबर ठेवावे.