लोगोपासून लॉन्चपर्यंत सगळं एकाच एजन्सीकडे? नाशिकमधल्या एका पॅकेजचा रिव्ह्यू

कॉलेज रोड आणि गंगापूर रोडच्या पट्ट्यातल्या ब्रँडिंग एजन्स्या मसाले, चिवडा, पापड, बेदाणे विकणाऱ्या छोट्या उद्योजकांना एक ठरलेलं पॅकेज देतात: नाव, लोगो, पाउचचं डिझाइन, छपाई करून देणं आणि पुढे सोशल मीडिया. त्यातल्याच एका पॅकेजचा हा रिव्ह्यू. काम होतं कांदा-लसूण मसाल्याच्या २०० ग्रॅमच्या स्टँडी पाउचचं, म्हणजे फळीवर उभं राहणाऱ्या पाकिटाचं. एजन्सीचं नाव देत नाही, कारण इथल्या बहुतेक गोष्टी कुठलंही पॅकेज घेताना तपासाव्याच लागतात.

आधी चांगलं. डिझाइन खरोखर उत्तम आहे. गडद मरून रंगावर मोठ्या देवनागरी अक्षरात नाव. दुकानाच्या फळीवर चार-पाच हातांवरूनही वाचता येतं. 'लसूण'मधला 'ल' मराठी वळणाचा आहे, हिंदी पाकिटांवर असतो तसा नाही. बहुतेक डिझायनर इकडे लक्षच देत नाहीत, त्यामुळे याचं कौतुक करायलाच हवं. दोन वेळा बदल सांगितले, तेही कुरकुर न करता झाले.

अडचण छपाईपासून सुरू होते. स्क्रीनवर सुंदर दिसणारं डिझाइन रोटोग्राव्ह्युअर मशीनवर (कोरलेल्या सिलिंडरने फिल्मवर छापणारं मशीन) कसं उतरेल, याचा विचार फाइलमध्ये नव्हता. या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो आणि प्रत्येक सिलिंडरचे पैसे वेगळे. मरून रंग चार रंगांच्या मिश्रणातून बनवला होता आणि त्यात घटक पदार्थांची बारीक पांढरी अक्षरं कोरली होती. चारपैकी एक रंग केसभर सरकला तरी अशी अक्षरं भरून जातात. मात्रा-वेलांट्या आधी जातात. मरूनसाठी एकच वेगळा स्पेशल रंग, म्हणजे आधीच मिसळलेली शाई घ्यायची आणि अक्षरांची जागा फक्त त्या एका रंगात कोरी सोडायची, हा साधा उपाय. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पाउचचं काम करणारा कुणीही हे पाच मिनिटांत सांगेल, पण फाइल त्याला आधी दाखवली पाहिजे.

दुसरी चूक पारदर्शक खिडकीची. आतला मसाला दिसावा म्हणून पाउचच्या पुढे खिडकी ठेवली होती. पण या मालाला साधारण तीन थर लागतात: वर १२ मायक्रॉन पीईटी (छपाईची पारदर्शक प्लास्टिक फिल्म), मध्ये १२ मायक्रॉन मेटलाइज्ड पीईटी (तीच फिल्म, धातूचा पातळ मुलामा दिलेली), आत ४० ते ५० मायक्रॉन पॉली (पॉलिथिन). मधला थर चांदीसारखा असतो. वरची शाई काढली म्हणून तिथे खिडकी होत नाही, चकचकीत चौकोन दिसतो. मेटलाइज्ड थर काढलाच, तर उजेड आत जातो, मिरचीचा लाल रंग फिका पडतो आणि कांदा-लसणाचा वासही टिकत नाही. खिडकी रद्द करून तिथे मसाल्याचा चांगला फोटो छापणं हेच बरं. आणि मेटलाइज्ड फिल्मवर रंगांमागे पांढऱ्या शाईचा थर फाइलमध्ये वेगळा दाखवलेला असलाच पाहिजे, नाहीतर सगळे रंग करडे येतात.

मागची बाजू तर कुणी वाचलीच नसावी. शाकाहाराची हिरवी खूण मागे होती. ती पुढच्या बाजूला, नावाजवळ लागते. एमआरपी, बॅच आणि तारखेची जागा मरूनवरच होती, म्हणजे पाउच भरताना इंकजेट मशीनने छापलेली काळी अक्षरं दिसणारच नाहीत. तिथे फिकी पट्टी हवी. प्रति ग्रॅम किंमत राहून गेली होती. १४ अंकी एफएसएसएआय नंबर (अन्न परवान्याचा) मात्र बरोबर होता. बारकोडच्या रेघा मरून रंगात: स्कॅनरचा प्रकाश लाल, त्याला लालसर रेघा नीट दिसत नाहीत. बारकोड काळा-पांढराच ठेवावा आणि ८९० ने सुरू होणारा नंबर जीएस१ इंडिया या बारकोड नंबर देणाऱ्या संस्थेकडून स्वतःच्या नावावर घ्यावा. एजन्सी देते तो स्वस्तातला नंबर भलत्याच कंपनीच्या नावावर निघू शकतो.

मालकीबद्दल कराराचा मसुदा वाचून काळजी वाटते. लोगोचे हक्क 'ग्राहकाला वापरण्यासाठी' दिले आहेत, एवढंच वाक्य. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनिशी हस्तांतरित व्हावे लागतात, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाचच वर्षं धरली जाते. म्हणून 'कायमस्वरूपी, जगभरासाठी, सर्व माध्यमांत' हे शब्द घालूनच सही करा. ट्रेडमार्कचा अर्ज तिसाव्या वर्गात (मसाले त्यात येतात), स्वतःच्या नावाने करा. व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन ४,५०० रुपये फी आहे. गावाचं नाव आणि मालाचं नाव जोडून केलेलं 'नाशिक मसाला' छापाचं नाव सुचवलं तर नकार द्या, त्याची नोंदणी सहसा होत नाही. सिलिंडरचं बिल आपल्या नावावर घ्या आणि ते आपल्या मालकीचे आहेत हे छापखान्याकडून लिहून घ्या. नाहीतर छापखाना बदलताना सगळे पैसे पुन्हा भरावे लागतात.

सोशल मीडियाचं काम ठीकठाक. पोस्ट वेळेवर येतात, फोटो बरे असतात. पण जाहिरातीचं अकाउंट एजन्सीच्या नावावर उघडलं जातं आणि करार संपला की ग्राहकांची जमा झालेली सगळी माहिती त्यांच्याकडेच राहते. अकाउंट आपण उघडायचं आणि त्यांना फक्त वापराची परवानगी द्यायची.

आमचे गुण: डिझाइनला ५ पैकी ४.५, छपाईच्या समन्वयाला २, सोशल मीडियाला ३. डिझाइन जरूर यांच्याकडून घ्या, छपाई थेट पाउचवाल्याशी बोलून करा. शेवटचा हप्ता सगळ्या मूळ फाइल्स हातात आल्यावरच द्या. त्यांत मजकूर बदलता येईल अशी एक प्रत हवी आणि अक्षरं आउटलाइन केलेली, म्हणजे त्यांचं चित्रात रूपांतर केलेली दुसरी, कारण दुसऱ्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नसेल तर जोडाक्षरं तुटतात.

सध्या हीच मंडळी २०२७ च्या सिंहस्थासाठी खास पाउच छापून घेण्याचा आग्रह धरतात. ग्राव्ह्युअरची किमान ऑर्डर मोठी असते आणि पर्वणी संपल्यावर उरलेले पाउच कुणी घेत नाही. नेहमीच्याच पाउचवर वरच्या कोपऱ्यात गोल स्टिकर लावा, तो हिरव्या खुणेवर किंवा वजनावर येणार नाही एवढं बघा.