बोटावरचा ऑक्सिमीटर की मनगटातली एबीजी: घरच्या दम्याच्या माणसासाठी काय कधी?

नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्यात मी एबीजीचे नमुने घेतो. मनगटाच्या धमनीतून रक्त काढायचं आणि त्यातले वायू मशीनवर मोजायचे, हे माझं काम. दिवसातून एखादा तरी मुलगा किंवा सून माझा हात धरतेच: "भाऊ, बोटाले मशीन लावलीच आहे ना, मंग सुई कायले टोचता?" प्रश्न रास्त आहे. धमनीत टोचलेलं शिरेत टोचल्यापेक्षा जास्त दुखतं, म्हणून कारण नीट सांगायला हवं.

तुम्ही धडधाकट असाल तर बोटाला ऑक्सिमीटर लावा आणि बसल्या जागी अर्धा मिनिट श्वास रोखा. जीव कासावीस होतो, पण आकडा 97-98 वरून फारसा हलत नाही. म्हणजे ती तगमग ऑक्सिजन संपल्याची नसते, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्याची असते. हा वायू मेंदूभोवतीच्या पाण्यात सहज उतरतो, तिथली आम्लता वाढवतो, आणि मेंदूच्या देठातल्या पेशी ती ओळखून श्वास वाढवतात. शरीराचा मुख्य पहारा हाच.

ऑक्सिजनवरचा पहारा वेगळ्या ठिकाणी आहे. मानेतली मोठी धमनी जिथे दुभागते तिथे दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढा एकेक गोळा असतो. कॉर्नेय हेमान्स यांना 1938 चं नोबेल मिळालं ते या भागातून श्वास कसा चालवला जातो हे दाखवल्याबद्दल. हा गोळा खरा खडबडून जागा होतो तो धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब 60 (मिलिमीटर पारा) च्या आसपास उतरल्यावर. मग श्वास वाढतो, रक्तदाबही चढतो. ऑक्सिमीटरचंही तसंच आहे. दाब 100 वरून 60 वर येईपर्यंत त्याचा आकडा 98 वरून जेमतेम 90 वर येतो. कार्बन डायऑक्साइड तर त्याला दिसतच नाही. तो लाल आणि अवरक्त प्रकाश टाकून हिमोग्लोबिनवर किती ऑक्सिजन बसलाय एवढंच पाहतो.

एबीजी ऑक्सिजनचा दाब सांगते, कार्बन डायऑक्साइडचा दाब सांगते (साधारण 35 ते 45 हवा) आणि रक्ताची आम्लता म्हणजे पीएचही सांगते (7.35 ते 7.45). पण ती त्या एका क्षणाची असते. ऑक्सिमीटर रात्रभर बोटावर राहू शकतो, त्याला सुई लागत नाही. न्यूमोनियाच्या पेशंटवर लक्ष ठेवायचं, चालल्यावर सॅच्युरेशन (बोटावरचा आकडा) पडतं का पाहायचं, तर तोच बरा. रोज त्यासाठी एबीजी करा असं मी कुणालाही सांगणार नाही.

जुन्या सीओपीडीत, म्हणजे फुप्फुसं कायमची खराब होऊन जडलेल्या दम्यात, मात्र मला आकड्याची भीती वाटते. सक्करदऱ्याकडच्या एक मावशी आणल्या होत्या, जन्म चुलीच्या धुरात गेलेला. घरी सॅच्युरेशन 89 दिसलं म्हणून मुलाने काळजीने कॉन्सन्ट्रेटर (घरचं ऑक्सिजनचं मशीन) मिनिटाला 2 लिटरवरून 5 वर नेला. आकडा 96 झाला, घर निश्चिंत झालं. मावशी झोपल्या, सकाळी धड उठेनात. हात गरम, नाडी टणटणीत, हात पुढे करायला लावला तर पंजा फडफडायचा. एबीजीत कार्बन डायऑक्साइड 82, पीएच 7.24. हा वायू वाढला की रक्तवाहिन्या सैलावतात, म्हणून हात उबदार होतात आणि डोकं दुखतं. आणि हात उबदार असले की ऑक्सिमीटर अगदी छान चालतो.

अशा पेशंटचं शरीर साचलेल्या वायूला सरावलेलं असतं. मूत्रपिंडं बायकार्बोनेट (आम्लता मारणारा क्षार) राखून ठेवतात आणि मेंदूतला पहारा बोथट होतो. त्यात ऑक्सिजन जास्त दिला तर फुप्फुसाच्या निकामी भागांकडेही रक्त वळतं, हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड कमी उचलतं, आणि श्वासाची ओढही थोडी मंदावते. म्हणून यांच्यासाठी लक्ष्य 88 ते 92 ठेवतात. मावशींचा 89 चुकीचा नव्हताच. ऑक्सिजन कमी करून बायपॅप (मास्कमधून दाबाने श्वासाला मदत करणारं मशीन) लावला. दुसऱ्या दिवशी कार्बन डायऑक्साइड 61, पीएच 7.35.

तेव्हा सीओपीडीचा माणूस गुंगीत असेल, सकाळी डोकं धरून बसत असेल, असंबद्ध बोलत असेल, तर आकडा कितीही छान दिसो, दवाखान्यात न्या आणि सुईला हो म्हणा. घरी कायमचा ऑक्सिजन लावायचा का, हे ठरवतानाही एबीजी करा. दिवसाला 15 तास नळी लावायची ती बोटावरच्या अंदाजावर नको.

आणखी दोन ठिकाणी ऑक्सिमीटर फसवतो. हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या घरात कार्बन मोनॉक्साइड चढला तर साधा ऑक्सिमीटर त्यालाही ऑक्सिजनच समजतो, आकडा 98 दाखवतो. साधी एबीजीही इथे पुरत नाही, त्या वायूची वेगळी मोजणी सांगावी लागते. दुसरं सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. आपल्या विदर्भात तो घरोघरी ठाऊक आहे. त्यात हिमोग्लोबिनच वेगळं असल्याने बोटावरच्या आकड्यावर पूर्ण विसंबू नका. सावळ्या कातडीवरही आकडा थोडा फुगून येऊ शकतो, हे आपण सगळ्यांनीच लक्षात ठेवावं.

एबीजी करायचीच तर जिथे मशीन आहे तिथेच करा. सिरिंजमधल्या रक्तातल्या पेशी जिवंत असतात, त्या ऑक्सिजन खात राहतात. नमुना अर्ध्या तासात मशीनवर जायला हवा. मे महिन्यात 45 अंशांत मनीषनगरहून स्कूटरच्या डिकीत आलेला नमुना मी परत पाठवतो आणि पेशंटला घेऊन या म्हणतो. सुई काढल्यावर मनगट पूर्ण पाच मिनिटं दाबून धरा, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सुई टोचण्याआधीच सांगा.