सासूबाईंसाठी रेडिओ की वर्ग?

म्हसवडजवळच्या मैत्रिणीने विचारलं, 'सासूबाईंना साठीत शिकायचंय. "माणदेशी तरंग" लावून देऊ, की "उल्लास"च्या वर्गाला पाठवू?'

'माणदेशी तरंग' हा म्हसवडचा सामुदायिक रेडिओ, तर 'उल्लास' हा निरक्षर प्रौढांसाठीचा सरकारी साक्षरता कार्यक्रम. फी कुठेच नाही. वेळेत मात्र रेडिओ पुढे: ९०.४ एफएम लावला की भाकऱ्या थापताना, शेळ्यांमागे हिंडतानाही ऐकता येतो, तोही आपल्या बोलीत. फक्त साधारण १०-१५ किलोमीटरपलीकडे खरखर. वर्गासाठी कामं टाकून बसावं लागतं. सुगीत कोण येतंय!

पण 'क' आणि 'फ'मधला फरक रेडिओ दाखवणार कसा? पहिल्यांदा पेन्सिल धरताना बोटं आखडतात, तेव्हा हात धरून गिरवून घ्यायला शेजारी माणूसच हवा.

सही करायची, एसटीची पाटी वाचायची असेल तर वर्ग. अक्षरओळख आहे, पण बँकेचे व्यवहार, आरोग्य, योजना समजून घ्यायच्या असतील तर रेडिओ.